शस्त्रबंदी, जमावबंदी आणि परवान्याची बंदूक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुठे दंगल झाली, मोर्चा ठरला, निवडणूक लागली किंवा मोठा सण आला की पेपरात चौकट येते : ‘जिल्ह्यात ३७ (१) व (३) लागू’, म्हणजे शस्त्रबंदी आणि जमावबंदी. त्यानंतर परवानाधारकांचे तेच तेच प्रश्न सुरू होतात. ते इथे एकत्र केले आहेत. सगळी उत्तरं महाराष्ट्राला धरून आहेत, फक्त शेवटचं अमेरिकेतल्या वाचकांसाठी आहे. तुमच्या हातातला आदेश आणि इथलं उत्तर यांत फरक दिसला, तर आदेश खरा धरायचा.

१. शस्त्रबंदी लागली म्हणजे घरातली बंदूकही पोलिसांकडे द्यायची का?

नाही. शस्त्रबंदी असते ती शस्त्र ‘बरोबर नेण्यावर’. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ (१) खालचा आदेश गावात, रस्त्यावर, सार्वजनिक ठिकाणी शस्त्र घेऊन फिरायला मनाई करतो. कपाटात कुलपात असलेली परवान्याची बंदूक त्यामुळे बेकायदा होत नाही आणि परवानाही रद्द होत नाही. बंदूक जमा करा असं सांगणारी नोटीस ही वेगळी गोष्ट आहे, त्याबद्दल प्रश्न ९ पाहा. या दोन गोष्टींची गल्लत करून लोक विनाकारण बंदूक घेऊन पोलीस ठाण्याकडे निघतात आणि ज्या रस्त्यावर मनाई आहे त्याच रस्त्याने ती मिरवत नेतात. आधी फोन करावा.

२. कलम ३७ आणि १४४ एकच ना? व्हॉट्सअ‍ॅपवर तर अजून ‘१४४ लागू’ असंच येतं.

एक नाहीत. १४४ हे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ ने घेतली. ते देशभर चालतं. कलम ३७ आपल्या राज्याच्या पोलीस कायद्यातलं आहे. १६३ तातडीच्या धोक्यासाठी असतं आणि त्याखाली दंडाधिकारी बऱ्याच गोष्टींना मनाई करू शकतो : एखाद्या जागी जाण्याला, जमण्याला, एखादं कृत्य करण्याला. ३७ (१) मध्ये मात्र शस्त्रांची यादी कायद्यातच दिलेली आहे. बहुतेक जिल्ह्यांत शस्त्रबंदीसाठी ३७ च वापरलं जातं. शिक्षाही दोन्हीकडे वेगळी आहे (प्रश्न १५). म्हणून मेसेजवर न जाता आदेशाच्या पहिल्या परिच्छेदातलं कलम बघा.

३. असा आदेश कोण काढतं? आमच्या ग्रामपंचायतीने ठराव केलाय, तो चालेल?

पोलीस आयुक्तालय असेल तिथे पोलीस आयुक्त : मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवड, ठाणे, नवी मुंबई, नागपूर, नाशिक, सोलापूर वगैरे. बाकी जिल्ह्यात जिल्हादंडाधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारीच, दुसऱ्या टोपीत. सही बहुधा अपर जिल्हादंडाधिकाऱ्यांची दिसते. ग्रामपंचायत, नगरपरिषद किंवा महापालिका आयुक्तांना शस्त्रबंदीचा अधिकार नाही. सरपंचांनी ठराव जरूर करावा आणि ‘यात्रेत हत्यारं नकोत, आदेश काढा’ अशी मागणी तहसीलदारांमार्फत वर पाठवावी. त्या ठरावावरून कुणाची झडती मात्र घेता येणार नाही.

एक बारीक मुद्दा : जिल्हा एक असला तरी हद्दी दोन असू शकतात. पुणे शहरातला आदेश पोलीस आयुक्तांचा, तर मुळशी किंवा भोरमधला जिल्हाधिकाऱ्यांचा. एकीकडे बंदी आणि दुसरीकडे नाही, असं सर्रास घडतं.

४. बंदी नसते तेव्हा पिस्तूल कमरेला लावून फिरायला हरकत नाही ना? परवाना आहे माझ्याकडे.

हरकत आहे. बंदीचा आदेश आला की मगच उघड बाळगणं बंद होतं, असा समज पक्का बसलेला आहे. शस्त्र नियम, २०१६ च्या नियम ३२ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी बंदूक न्यायची तर ती होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत, पूर्ण झाकलेली आणि आपल्या ताब्यात असली पाहिजे. ती दाखवणं, परजणं, हवेत उडवणं हे सरळ निषिद्ध. शिवाय परवान्याच्या मागे छापलेल्या अटी वाचा : जत्रा, धार्मिक मिरवणूक, इतर सार्वजनिक जमाव आणि शाळा-कॉलेजच्या आवारात शस्त्र नेता येत नाही. या अटी बारा महिने लागू असतात. लग्नात सदऱ्याबाहेर पिस्तूल काढून फोटो काढणाऱ्या मंडळींनी आपल्याच परवान्याची मागची बाजू कधी वाचलेली नसते, एवढाच त्याचा अर्थ.

वरातीत आनंदाने गोळी झाडून कुणाच्या जिवाला धोका निर्माण केला, तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

५. आदेशात काठ्या, सोटे, दगडसुद्धा लिहिलेत. मग म्हातारी माणसं, गुराखी, ऊसतोड करणारे यांनी काय करायचं?

दोन कायदे एकमेकांशेजारी ठेवून वाचले की हे उलगडतं.

शस्त्र अधिनियम, १९५९ ‘शस्त्रा’ची व्याख्या करताना केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठीच्या वस्तू, लाठी, साधी हातात धरायची काठी यांना वगळतो. म्हणजे त्यांना परवाना लागत नाही. पण कलम ३७ (१) चा रोख वेगळा आहे. त्यात शस्त्रं, सोटे, तलवारी, भाले, दंडे, बंदुका, सुरे, काठ्या, लाठ्या आणि ‘शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी इतर कोणतीही वस्तू’ असं सगळं येतं. दाहक पदार्थ, स्फोटकं, दगड जमवणं हेही येतं. म्हणजे परवाना न लागणारी वस्तूसुद्धा या आदेशात सापडू शकते.

व्यवहारात बहुतेक आदेशांत वृद्ध आणि अपंग व्यक्तींच्या आधाराच्या काठीला सूट लिहिलेली असते. कोयत्याचं म्हणाल, तर सकाळी सहाला ऊसतोडीच्या टोळीबरोबर फडावर निघालेल्या माणसाच्या खांद्यावरचा कोयता आणि रात्री अकराला चौकात दुचाकीवर मागे बसलेल्याच्या शर्टाखालचा कोयता यांत काय फरक आहे, हे ठाणे अंमलदाराला समजावून सांगावं लागत नाही. तरीही मोर्चा किंवा मिरवणुकीचा दिवस असेल तर हत्यार गोणपाटात गुंडाळून, गाडीत तळाशी ठेवून न्यावं.

६. हा आदेश किती दिवस चालतो? आमच्याकडे तर वर्षभर चालूच असतो.

इथे कायद्यात एक गंमत आहे. पंधरा दिवसांची मर्यादा लिहिली आहे ती ३७ (३) साठी, म्हणजे सभा आणि मिरवणुकीच्या बंदीसाठी. त्यापुढे न्यायची तर राज्य शासनाची मंजुरी लागते. ३७ (१) च्या शस्त्रबंदीला असा आकडा नाही, ‘आवश्यक वाटेल तितका काळ’ असे शब्द आहेत. पण दोन्ही आदेश एकाच कागदावर निघत असल्याने सगळंच पंधरा दिवसांचं होतं आणि मग पुन्हा नवा कागद. कलम १६३ चा आदेश दोन महिने टिकतो. राज्य सरकार तो आणखी सहा महिन्यांपर्यंत वाढवू शकतं.

असे लागोपाठ आदेश काढणं योग्य का? आमच्या मते नाही. काश्मीरमधल्या निर्बंधांच्या प्रकरणात १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने १४४ बद्दल हेच म्हटलं होतं : एकामागून एक तेच आदेश काढत राहणं हा अधिकाराचा गैरवापर ठरेल आणि आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत. कायम लागू असलेली बंदी कुणी वाचेनासं होतं, हा व्यवहारातला तोटा आणखी वेगळा.

७. मला आदेश माहीतच नव्हता. हे सांगून सुटता येईल?

‘माहीत नव्हतं’ एवढ्यावर विसंबू नका. पण ३७ चा आदेश जाहीर रीतीने प्रसिद्ध व्हावा लागतो : ठळक जागी चिकटवून, दवंडी देऊन, स्थानिक वर्तमानपत्रातून. खटल्यात तो प्रसिद्ध झाला होता हे सरकार पक्षाला दाखवावं लागतं. आदेशाची प्रतच कागदपत्रांत नाही किंवा प्रसिद्धीचा पुरावा नाही, म्हणून आरोपी सुटल्याची उदाहरणं आहेत. गुन्हा दाखल झाला असेल तर वकिलाला पहिल्यांदा हीच गोष्ट तपासायला सांगा.

८. सूट कुणाला असते? मी माजी सैनिक आहे, भाऊ नगरसेवक आहे.

आदेशाच्या शेवटच्या परिच्छेदात ते लिहिलेलं असतं. ठरलेला मजकूर असा : शासकीय सेवेतल्या ज्या व्यक्तींना वरिष्ठांच्या आदेशाने कर्तव्यासाठी हत्यार बाळगणं भाग आहे, त्यांना बंदी नाही. म्हणजे पोलीस, सैन्यदल, कामावर असलेले वनरक्षक. ‘कर्तव्यासाठी’ हा शब्द महत्त्वाचा. सुट्टीवर गावी आलेल्या जवानाला स्वतःच्या परवान्याच्या पिस्तुलासाठी ही सूट मिळत नाही. माजी सैनिकालाही नाही आणि नगरसेवकाला तर नाहीच.

बँकेचे आणि रोकड वाहून नेणाऱ्या गाडीवरचे बंदूकधारी रक्षक यांचं नाव आदेशात असेल तर ठीक. नसेल तर बँकेने किंवा एजन्सीने लेखी परवानगी घेऊन तिची प्रत रक्षकाच्या खिशात ठेवायला द्यावी. नाक्यावर उभं राहायची वेळ साहेबांवर येत नाही, रक्षकावर येते.

९. निवडणूक लागली की ठाण्यातून फोन येतो, ‘बंदूक जमा करा’. सगळ्यांनाच करावी लागते का?

सरसकट नाही. २००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा प्रश्न हाताळला आणि त्यानंतर निवडणूक आयोगाने तशा सूचना दिल्या. त्यानुसार छाननी समिती बसते. जिल्ह्यात जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक, आयुक्तालयात पोलीस आयुक्त आणि त्यांचे वरिष्ठ सहकारी. समितीने एकेक परवानाधारक तपासायचा. रोख असतो तो जामिनावर सुटलेल्यांवर, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेल्यांवर आणि पूर्वी, विशेषतः निवडणुकीत, दंगलीत सामील असलेल्यांवर. ज्यांची शस्त्रं जमा करायची, त्यांना वैयक्तिक नोटीस द्यायची.

प्रत्यक्षात तोंडी निरोप येतो आणि लोक वाद नको म्हणून देऊन मोकळे होतात. तुम्हाला द्यायची असेल तर जरूर द्या, पण नोटीस मागणं हा उद्धटपणा नाही. नोटीस मिळाल्यावर मात्र मुदतीत जमा न करणं म्हणजे गुन्हा ओढवून घेणं. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाकडे असतात, तेव्हा त्या वेळचे आदेश वेगळे वाचा.

१०. आम्ही सिंधुदुर्गातले. शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक जमा केली तर डुकरं आणि वानर आवरायचे कुणी?

कोकणातून सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. २०२४ ची विधानसभा निवडणूक आठवा : आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली, निकाल २३ नोव्हेंबरला. भात कापणी-मळणीचे दिवस नेमके तेच. बंदूक ठाण्यात आणि डुकरं खळ्यात.

उपाय एवढाच की छाननी समितीकडे वेळेत लेखी अर्ज द्यायचा. सातबारा, परवान्याची प्रत, वनखात्याकडे केलेले पीकनुकसानीचे अर्ज किंवा पंचनामे जोडायचे आणि आपल्यावर कोणताही गुन्हा नाही हे स्पष्ट लिहायचं. गावातल्या सगळ्या परवानाधारकांनी एकत्र दिला तर जास्त बरं. अर्जाची पोच घ्या. बंदूक घरी राहिली तरी ती शेताच्या बांधापर्यंतच. ३७ (१) लागू असताना ती खांद्याला लावून बाजारात गेलात तर शेतीसंरक्षणाचा परवाना वाचवणार नाही.

११. जमा करताना काय बघायचं आणि परत कधी मिळते?

बंदूक रिकामी करून, पुसून, कापडात गुंडाळून न्या. पावतीवर बंदुकीचा प्रकार, कारखान्याचा क्रमांक, परवाना क्रमांक आणि काडतुसांची संख्या हे चारही असल्याशिवाय हलू नका. ‘एक बंदूक मिळाली’ एवढीच पावती काही कामाची नाही. दस्त्याला बांधलेल्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर नाव स्वतः वाचून घ्या, कारण मुद्देमालाच्या खोलीत एकाच घडणीच्या पंधरा बंदुका शेजारी उभ्या असतात. ओलीत राहिली तर नळी गंजते. तेलाचा हात देऊनच द्या. परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून त्याची पावती ठाण्यात दिलेली चालते का, हेही विचारा. बऱ्याच ठिकाणी चालते.

आयोगाच्या सूचनांप्रमाणे निकालानंतर एका आठवड्याने शस्त्र परत द्यायचं असतं. कुणी निरोप पाठवील याची वाट बघू नका.

१२. दसऱ्याचं शस्त्रपूजन, शिवजयंतीची मिरवणूक, नवरदेवाची तलवार, कृपाण यांचं काय?

घरात किंवा देवघरात पूजनाला ३७ (१) आड येत नाही, कारण तिथे शस्त्र ‘नेलं’ जात नाही. पण नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची तलवार मुळात शस्त्र नियमांच्या यादीत आहे, हे विसरू नका. मिरवणुकीतले मर्दानी खेळ, दांडपट्टा, लाठी यांसाठी आयोजकांनी साहित्याच्या यादीसह आधी परवानगी घ्यावी. कोल्हापुरातल्या जुन्या आखाड्यांना हे नवीन नाही. नवरदेवाची कट्यार बोथट, शोभेची असेल तर सहसा कुणी विचारत नाही. पण वरात रस्त्यावर असते आणि आदेशही रस्त्यासाठीच असतो.

शिखांचं कृपाण वेगळं. संविधानाच्या अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणातच ते धारण करण्याचा हक्क आहे. नांदेडसारख्या ठिकाणी आदेश काढताना याचं भान ठेवावंच लागतं.

तलवारीने वाढदिवसाचा केक कापणाऱ्यांसाठी वेगळं उत्तर लिहीत नाही. व्हिडिओ तुम्हीच टाकता, पोलिसांना पुरावा शोधायलाही लागत नाही.

१३. एअरगन आणि खेळण्यातलं पिस्तूल?

४.५ मिमी पर्यंतच्या आणि २० जूलपर्यंत ताकदीच्या एअरगनला परवाना लागत नाही. पण ३७ (१) मधली ‘इजा करू शकेल अशी कोणतीही वस्तू’ तिला लागू पडते. हुबेहूब दिसणारं खेळणं गर्दीत काढलंत तर कायद्याआधी गर्दीच तुमचा निकाल लावेल.

१४. मी नेमबाज आहे, रोज रेंजवर जावं लागतं.

निवडणुकीच्या छाननीत रायफल असोसिएशनच्या खेळाडूंना सूट देण्याची सूचना आहे. शस्त्रबंदीत ती आपोआप मिळत नाही. आदेशात उल्लेख नसेल तर असोसिएशनचं पत्र घेऊन लेखी परवानगी मागा. बंदूक पेटीत कुलूपबंद, गोळ्या वेगळ्या.

१५. पकडलं तर काय होतं?

कलम ३७ (२) प्रमाणे पोलीस शस्त्र काढून घेतात आणि ते सरकारजमा होतं. आजोबांची बंदूक कायमची जाण्याची शक्यता इथे असते, म्हणून हे हलक्यात घेऊ नका. कलम १३५ खाली एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. न्यायाधीशांनी कारणं नोंदवली नाहीत तर चार महिन्यांहून कमी नाही. आदेश १६३ चा असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम २२३ : सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. लोकांच्या जिवाला धोका झाला तर एक वर्ष आणि ५,००० रुपयांपर्यंत. परवान्याची अट मोडल्याचा शस्त्र अधिनियमाखालचा गुन्हा याशिवाय लागू शकतो. जप्तीच्या पंचनाम्याची प्रत मागा.

१६. महापुरात घर सोडून निवारा केंद्रात जावं लागलं. बंदूक कुठे ठेवायची?

ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगली-कोल्हापूरकडच्यांना पडलेला प्रश्न. पाण्यात बुडणाऱ्या घरात ती सोडू नका आणि निवारा केंद्रातही नेऊ नका : केंद्रं बहुधा शाळेत असतात आणि शाळेच्या आवारात शस्त्राला परवान्यातच मनाई आहे (प्रश्न ४). पाणी वाढायला लागताच ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे सुरक्षित ठेवायला द्या. वाहून गेली तर त्याच दिवशी लेखी कळवा.

१७. परवानाच निलंबित केला तर?

ती वेगळी कारवाई, शस्त्र अधिनियमाच्या कलम १७ खालची. सार्वजनिक शांततेच्या कारणासाठी परवाना देणारा अधिकारी ती करू शकतो. लेखी कारणं मागा आणि कलम १८ खाली मुदतीत अपील करा. ३७ च्या आदेशालाच आव्हान द्यायचं तर उच्च न्यायालय. १६३ चा आदेश बदलण्यासाठी ज्या दंडाधिकाऱ्याने तो काढला त्याच्याकडेही अर्ज करता येतो.

१८. याला आणीबाणी म्हणायचं का?

नाही. १९७५ ते १९७७ ची आणीबाणी संविधानाच्या अनुच्छेद ३५२ खालची होती, तिचा या पंधरा दिवसांच्या कागदांशी संबंध नाही. मोठ्या अशांततेसाठी शस्त्र अधिनियमात १९८३ साली २४-क आणि २४-ख ही कलमं घातली गेली. त्यांखाली केंद्र सरकार अशांत क्षेत्रात विशिष्ट शस्त्रं बाळगायला किंवा सार्वजनिक ठिकाणी न्यायला बंदी घालू शकतं. तो अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा नाही.

१९. मुलगा अमेरिकेत आहे. तिथे लोक बंदूक उघड घेऊन फिरतात म्हणे. तिथलं शहर किंवा काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) आणीबाणीत अशी बंदी घालू शकते का?

तिथे पायाच उलटा आहे. आपल्याकडे परवाना ही सरकारने दिलेली मुभा, तिथे शस्त्र बाळगणं हा संविधानाच्या दुसऱ्या दुरुस्तीतला हक्क. २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो घराबाहेरही आहे असं सांगितलं. शिवाय अनेक राज्यांत शहरांना बंदुकीबाबत स्वतःचे नियम करायला कायद्यानेच मज्जाव आहे.

आणीबाणीतल्या बंद्या म्हणूनच फार टिकलेल्या नाहीत. २००५ मध्ये कॅटरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्सच्या पोलिसांनी घरोघरच्या बंदुका काढून घेतल्या. पुढच्याच वर्षी संसदेने आपत्तीत अशा जप्तीला बंदी करणारा कायदा केला. फेब्रुवारी २०१० मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या किंग या छोट्या शहराने हिमवादळामुळे आणीबाणी जाहीर करताना घराबाहेर शस्त्र न्यायला मनाई केली. ज्या राज्य कायद्याच्या आधारावर ती होती, तो २०१२ मध्ये संघीय न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला. आणि ८ सप्टेंबर २०२३ रोजी न्यू मेक्सिकोच्या गव्हर्नर मिशेल लुहान ग्रिशम यांनी मुलांच्या हत्यांनंतर सार्वजनिक आरोग्याची आणीबाणी म्हणून आल्बुकर्की आणि बर्नालिलो काउंटीत तीस दिवस उघड आणि लपवून, दोन्ही प्रकारे बंदूक नेण्यावर बंदी घातली. काउंटीच्या शेरीफनेच, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखानेच, अंमलबजावणीला नकार दिला. १३ तारखेला न्यायाधीशांनी स्थगिती दिली आणि १५ तारखेला बंदी उद्यानं आणि मुलांच्या खेळाच्या मैदानांपुरती उरली.

आपल्याकडे एखाद्या ठाणेदाराने ‘मी ३७ (१) लागू करणार नाही’ असं जाहीर केल्याचं चित्र डोळ्यांसमोर आणून बघा, म्हणजे फरक कळेल. मुलाला एवढंच सांगा : राज्याची सीमा ओलांडली की नियम बदलतो. बंदूक असलेल्या मित्राच्या गाडीत बसून जायचं असेल, तर आधी त्या राज्याचा कायदा बघून घे.